शिट्टी ऐकू येते का?

टीव्ही दुरुस्त झाला की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं, असं चाचा म्हणायचे. नव्या जालन्यात एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फळ्या आणि वर एक पत्रा. मागचं झाकण काढलेला सेट टेबलावर पाठमोरा ठेवलेला असायचा. चाचा बटण दाबायचे आणि पडद्याकडे बघायचेच नाहीत. ट्यूब तापायला वेळ लागायचा, पडदा काळाच असायचा. तेवढ्या वेळात ते रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांपैकी एखाद्याला हाक मारायचे. बहुतेक वेळा तो पोरगा मी असायचो.

"इकडं ये बाळ. कान लाव. शिट्टी ऐकू येते का?"

यायची. डासाच्या गुणगुणीहून बारीक, कानाच्या आत कुणी सुई धरल्यासारखी. "येते" म्हटलं की चाचांच्या कपाळावरची एक आठी सैल व्हायची. "लाइन चालू झाली," असं स्वतःशीच पुटपुटत ते बरणीतली लेमनची गोळी माझ्या हातावर ठेवायचे. ती शिट्टी त्यांना स्वतःला ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटायचं, मोठी माणसं उगाच परीक्षा घेतात.

आता मी 54 वर्षांचा आहे. घरामागच्या पडवीत जुने युरोपी रंगीत टीव्ही जमवून ठेवले आहेत, पाच. त्यातले दोन चालतात, एक चालण्याच्या बेतात आहे, आणि उरलेल्या दोघांबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. हिचं म्हणणं, लोक म्हशी पाळतात त्या निदान दूध देतात. पाहुणे विचारतात, "हे कशाला?" मला त्याचं नीट उत्तर देता येत नाही. मग मी पडवीचा दिवा मालवतो आणि एक सेट लावून दाखवतो. उत्तर दिल्यासारखं होतं.

*

त्यातला जर्मन सेट माझ्या लहानपणापासूनचा ओळखीचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. म्हाताऱ्या माणसाचं दुखणं सांगताना त्याचं आडनाव सांगू नये. आमच्या गल्लीतल्या एका घरचा मुलगा जर्मनीत नोकरीला होता. 1983 साली तो कायमचा परत आला तेव्हा हा सेट बरोबर घेऊन आला. बोटीने मुंबईपर्यंत, आणि मुंबईहून मोसंबी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकमधून जालन्यापर्यंत. पेटी उघडली तेव्हा आत पेंढ्यात मोसंबीचा वास होता. अक्रोडी रंगाचं लाकडी कॅबिनेट, 26 इंची पडदा, आणि वजन असं की चौघांनी उचलून आणताना पाचवा "सांभाळून, सांभाळून" करायला लागला.

जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. देशात रंगीत टीव्ही आला त्याच्या पुढच्या वर्षी, 15 ऑगस्टला दिल्लीहून आणि मग नोव्हेंबरात आशियाई खेळांच्या निमित्ताने. म्हणजे आमचा जिल्हा आणि रंगीत दूरदर्शन जवळपास एका वयाचे. पण गल्लीत तो सेट आला तेव्हा त्यावर दिसायला काही नव्हतं. मुंग्या दिसायच्या, आणि मुंग्यांना रंग नसतो. त्या घरातल्या काकूंनी त्यावर भरतकाम केलेलं झाकण घातलं आणि वर गणपती ठेवला. बरेच दिवस तो टीव्ही देव्हाऱ्यासारखाच राहिला. पुढे गच्चीवर बांबू उभा राहिला, बूस्टर आला, अँटेनाचं तोंड म्हैसमाळच्या टॉवरकडे वळलं. मग मात्र रविवारी सकाळी रामायणाच्या वेळी त्या घराच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. इतरांच्या घरी काळ्यापांढऱ्या पडद्यावर रामाचा रंग कळायचा नाही. इथे तो निळसर दिसायचा, आणि त्यावरून आमच्यात वाद व्हायचे की हा रंग रामाचा की टीव्हीचा.

वाद फुकट नव्हता. टीव्हीतला रंग खरा की खोटा, याच एका प्रश्नावर युरोपातल्या इंजिनिअरांनी साठच्या दशकाची सुरुवात घालवली होती.

अमेरिकेने 1953 साली आपली रंगीत पद्धत ठरवली. तिच्यात रंग सांगणारी लहर वाटेत जरा सरकली की चेहरे हिरवे नाहीतर जांभळे व्हायचे. पेटीला एक रंगाचं बटण असायचं आणि ते सतत पिळावं लागायचं. त्या पद्धतीच्या आद्याक्षरांवरून इंजिनिअर थट्टा करायचे की एकच रंग हिच्यात दोनदा दिसणार नाही. जर्मनीत हानोव्हरला टेलिफुंकेन कंपनीत वाल्टर ब्रुख नावाचा माणूस होता. त्याने 1962 च्या अखेरीस एका युक्तीचं पेटंट मागितलं. पडद्यावरचं चित्र 625 ओळींचं असतं. ब्रुखने एक ओळ सोडून पुढच्या ओळीत रंगाचा एक भाग उलटा करून पाठवला. आता वाटेत चूक झाली तर एका ओळीत ती हिरव्याकडे झुकते आणि पुढच्या ओळीत तेवढीच तांबड्याकडे. दोन्ही ओळींची सरासरी काढली की चूक चुकीला खाते. रंग किंचित फिका पडतो, पण खोटा होत नाही. या पद्धतीचं नाव पाल. आपल्याकडे तीच आली. ब्रुखला कुणी विचारलं म्हणे, तुझंच नाव का नाही दिलंस? जर्मनमध्ये ब्रुख म्हणजे मोडतोड. मोडतोड पद्धतीचा टीव्ही विकत कोण घेईल, असं त्याने उत्तर दिलं, असं सांगतात.

सरासरी काढायची तर पुढची ओळ येईपर्यंत मागची ओळ कुठेतरी थांबवून धरायला हवी. किती वेळ? 64 मायक्रोसेकंद. आज हे काम नखाएवढी चिप करते. त्या काळी ते काचेचा एक तुकडा करायचा. जर्मन सेटच्या रंगाच्या प्लेटवर काडेपेटीएवढा एक चपटा डबा आहे, त्यात तो असतो. विजेच्या लहरीचा आधी थरथराट होतो, तो थरथराट काचेत शिरतो, कडांवर आपटत आपटत फिरतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा वीज होऊन बाहेर पडतो. या 64 मायक्रोसेकंदांत उजेड जालन्याहून निघून बदनापूरच्या आसपास पोचतो. आणि काचेतला तो थरथराट तेवढ्याच वेळात चालतो सोळा-सतरा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. मला या काचेचं फार कौतुक आहे. आख्ख्या सेटमध्ये घाई नसलेली तेवढी एकच वस्तू.

*

2015 च्या सुमारास गल्लीतलं ते घर विकलं गेलं. पाडापाडी सुरू झाली तेव्हा मी सहज तिकडून चाललो होतो. भंगारवाल्याच्या गाड्यावर तो सेट तोंड खाली करून ठेवलेला दिसला.

जालन्याबाहेरच्या वाचकाला इथे थोडं सांगायला हवं. आमचं गाव लोखंडाचं आहे. 'जालना, सोन्याचा पालना' ही जुनी म्हण, पण आताचा पाळणा सळयांचा. कुठून कुठून भंगार येतं, भट्टीत वितळतं आणि सळ्या होऊन बांधकामांवर जातं. त्यामुळे भंगार कशात किती हे इथल्या पोरालाही कळतं. टीव्हीत लोखंड कमी. भंगारवाल्याला हवं असतं तांबं, आणि ते तीन ठिकाणी सापडतं: ट्रान्सफॉर्मर, ट्यूबभोवतीची चुंबक उतरवायची कॉइल आणि ट्यूबच्या मानेवर बसवलेला योक. योक काढायला वेळ लागतो. म्हणून हातोडीचा एक टोला घालून मान मोडतात. काचेची मान मोडली की आत हवा शिरते, सूं असा एक आवाज येतो, आणि चाळीस वर्षं जपलेली पोकळी एका श्वासात संपते. कॅबिनेट फुटलं तर सुतार आहे, कंडेन्सर गेला तर बाजार आहे. मान मोडली की सगळंच संपलं. ती ट्यूब आता जगात कुठेही होत नाही.

गाड्यावरच्या माणसाच्या हातात हातोडी होती. मी विचारलं, "याचं काय होईल?" तो म्हणाला, "तांब्याचं बघू, बाकी कचरा." मी तांब्याचे पैसे दिले, कचरा घेऊन घरी आलो.

मागचं झाकण उघडलं. आत कुंभारीण माशीने मातीची चार घरं बांधलेली, पालीची अंडी, आणि बोटभर जाडीची काळी धूळ. उच्च दाबाच्या भागावर धूळ अशी चिकटून बसते की जणू तिला तिथे बोलावलेलं असतं. धूळ ब्रशने काढायला तीन रविवार गेले. मग फिल्टर कंडेन्सर बदलले, चेसिसवर भिंग धरून ड्राय सोल्डर शोधले. गोल भेग पडलेला टाका दिसला की त्यावर गरम सोल्डर टाकायचं. सत्तर-ऐंशी टाके झाले असतील.

जुना सेट कधी थेट सॉकेटला लावू नये. मध्ये 100 वॉटचा बल्ब घालून सिरीज बोर्डावर लावायचा. शॉर्ट असेल तर बल्ब लखकन पेटतो आणि सेट वाचतो. हे चाचांनी शिकवलेलं मला पाठ होतं. तरी एका संध्याकाळी, बल्ब नीट मंद झाला म्हणून धीर आला आणि मी सेट सरळ लावला. दहा मिनिटांनी मेन्सवरच्या पिवळसर कंडेन्सरने जीव सोडला. धूर, आणि असा वास की शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "काय जाळायलात भाऊ?" दुसऱ्यांदा ट्यूबने झटका दिला. सेट बंद करून दोन दिवस झाले होते, पण ट्यूब 25,000 व्होल्टचा साठा आठवण म्हणून बाळगते. कोपर मागच्या कपाटावर आपटलं, चहाचा कप फुटला. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हरला अर्थिंगची तार बांधल्याशिवाय मी ट्यूबवरच्या उच्च दाबाच्या टोपीला हात लावत नाही.

मग एका रात्री सगळं जोडून झालं. बटण दाबलं. पडदा काळा. मी सवयीने कान जवळ नेला.

काहीच नाही.

लाइन ट्रान्झिस्टर तपासला, ठीक. व्होल्टेज तपासलं, ठीक. तासभर मी चालू असलेल्या गोष्टीत बिघाड शोधत राहिलो. भाचीची मुलगी, आठ वर्षांची, सुटीला आली होती. ती पाणी प्यायला उठली, पडवीच्या दारात थांबली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, तो टीव्ही शिट्टी वाजवायलाय!"

सेकंदाला 25 चित्रं, दर चित्रात 625 ओळी, गुणाकार 15,625. तेवढ्या वेळा सेकंदाला किरण पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाऊन परत येतो आणि ट्रान्सफॉर्मर त्या सुरात थरथरतो. तो सूर लहान कानांना ऐकू येतो. वय वाढलं की वरचे सूर आधी जातात. मला तो कधी ऐकू येईनासा झाला, कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, काही आठवत नाही. शेवटचा ऐकला तेव्हा तो शेवटचा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. चाचा गोळी का द्यायचे ते त्या रात्री कळलं. मी मुलीला काही द्यावं म्हणून खिसे चाचपले. काही नव्हतं. आतून शेंगदाण्याची चिक्की आणून दिली.

चित्र पाच मिनिटांनी आलं. ब्राइटनेस शून्यावर होता, एवढंच.

*

चित्र आलं, पण कोपऱ्यात हिरवट डाग. डावा वरचा कोपरा जणू ओलीने खाल्लेली भिंत. यामागचं कारण मला सगळ्यात आवडतं. रंगीत ट्यूबमध्ये तीन किरण असतात आणि पडद्याआड बारीक भोकांची पत्र्याची चाळण. किरण ठरल्या कोनातून भोकात शिरला तरच आपल्या रंगाच्या ठिपक्यावर पडतो. त्याला ओढणारं एक चुंबक कायम जवळ असतं: पृथ्वी. जर्मनीत तिची ओढ बरीचशी खाली, जमिनीत शिरणारी. आपल्याकडे ती पुष्कळशी आडवी. म्हणजे कारखान्यात ज्या मातीवर उभा राहून सेट जुळवला, ती माती त्याच्या अंगात राहिलेली असते. पुढेपुढे ट्यूबचे कारखाने उत्तर गोलार्धासाठी, दक्षिण गोलार्धासाठी आणि विषुववृत्ताजवळच्या देशांसाठी वेगवेगळ्या ट्यूब काढायला लागले ते यामुळेच.

आणि दिशाही लागते. सेट पूर्वेकडे तोंड करून ठेवला तर डाग एका जागी, उत्तरेकडे केला तर दुसऱ्या. आई नेहमी म्हणायची, उत्तरेला डोकं करून झोपू नये. माणसाचं मला माहीत नाही. या टीव्हीच्या बाबतीत आईचं बरोबर आहे.

डाग घालवायला कॉइल लागते. तांब्याच्या तारेचं थाळीएवढं कडं, त्यातून मेन्सची वीज सोडायची, पडद्यासमोर गोल गोल फिरवायचं आणि फिरवत फिरवत सावकाश मागे सरकायचं. चार-पाच पावलं मागे गेल्यावर कडं आडवं करून बटण सोडायचं. फिरवताना पडद्यावर सगळे रंग भोवऱ्यासारखे घुसळतात, आणि तुम्ही दूर जाल तसे शांत होत जागेवर बसतात. पहिल्यांदा केलं तेव्हा ही दारात उभी होती. म्हणाली, "ओवाळून झालं असेल तर जेवायला चला."

त्यानंतर तीन रंग एकमेकांवर बसवायचं काम. पॅटर्न जनरेटरवरून चौकटीच्या वहीसारखी जाळी पाडायची. सुरुवातीला प्रत्येक रेघेच्या तीन रेघा दिसतात, तांबडी, हिरवी, निळी. सेटमागे डझनभर बारीक स्क्रू असतात. मागे उभं राहून पडदा दिसत नाही, म्हणून समोर आरसा ठेवायचा आणि आरशात बघून स्क्रू फिरवायचे. आरशात डावं उजवं होतं, ते वेगळंच. एक कोपरा जुळवला की दुसरा विस्कटतो. संपूर्ण जुळणी मला कधी साधली नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात रेघेला निळी कड राहतेच, आणि मी ती आता राहू देतो.

*

सगळेच सेट इतके शहाणे नसतात. माझ्याकडे इंग्लंडहून आलेला एक आहे. पद्धत तीच, पाल, चित्र सुरेख, पण मुका. कारण इंग्लंडात चित्रापासून आवाज 6 मेगाहर्ट्झ अंतरावर पाठवायचे, आपल्याकडे आणि जर्मनीत 5.5 वर. पत्ता बरोबर पण दार चुकलेलं. लंडनहून हौसेने टीव्ही घेऊन येणाऱ्यांची अशी फजिती व्हायची. आवाजाची कॉइल नव्याने जुळवली की तो बोलतो, पण मी त्याला तसाच मुका ठेवला आहे. बातम्यांसाठी चांगला आहे.

फ्रान्सने तर पद्धतच वेगळी काढली, सेकाम. तिथला सेट आपल्याकडे लावला तर काहीच धड दिसत नाही. पण गंमत बघा. फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा रंगीत पिक्चर ट्यूबचा सगळा धंदा, इटलीतल्या अनान्यी आणि पोलंडमधल्या पियासेच्नो इथल्या कारखान्यांसकट, 2005 साली विकत घेतला तो आमच्या शेजारच्या व्हिडिओकॉनने. पैठण रस्त्यावरच्या चितेगावचा कारखाना जालन्याहून दीड-दोन तासांवर. युरोपातली पिक्चर ट्यूब अशी काही काळ मराठवाड्याच्या मालकीची होती. तोवर सपाट पडदे आले होते. ट्यूब गेली, कारखाने गेले, 2018 साली कंपनीही दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. आणि सुरुवात कशी झाली होती? 25 ऑगस्ट 1967 रोजी बर्लिनमध्ये जर्मन नेते विली ब्रांट यांनी लाल बटण दाबून पश्चिम जर्मनीत रंगीत टीव्ही सुरू केला, तेव्हा तंत्रज्ञाने घाई केली आणि बटण दाबण्याच्या क्षणभर आधीच रंग आला, कारण बटण नुसतं दाखवायचं होतं. या धंद्याच्या सुरुवातीला घाई होती आणि शेवटी उशीर.

आता काही संग्राहक जुनं कॅबिनेट ठेवून आतली ट्यूब काढतात आणि नवा एलसीडी बसवतात. दिसायला छान दिसतं. मला ते पुरणपोळीत जॅम भरल्यासारखं वाटतं.

माझ्या पडवीत म्हैसमाळहून काही येत नाही. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं 2022 पर्यंत मोजकी ठिकाणं सोडून बंद झाली. जर्मन सेट गल्लीत आला तेव्हा त्याला पकडायला काही नव्हतं, आणि आताही नाही. मधली काही वर्षं तेवढी त्याच्या कामाची. मी सेट-टॉप बॉक्सचं चित्र मॉड्युलेटरमधून त्याला देतो. कधी काहीच न देता नुसते रंगपट्टे लावून ठेवतो: पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, गुलाबी, तांबडा, निळा, काळा. उजळ्याकडून अंधाराकडे. सुटीला भाचीची मुलगी आली की तिला मी हाक मारतो. ती आता पंधरा-सोळाची झाली आहे, मोबाइलमधून डोकं न काढता "येते, आजोबा" म्हणते. अजून येते.

शेवटी एक मागणं. तुमच्या माळ्यावर, गोठ्यात, मामाच्या वाड्यात लाकडी पेटीचा जुना रंगीत टीव्ही पडून असेल आणि तो काढून टाकायचाच असेल, तर जरूर काढा. फक्त भंगारवाल्याला मागच्या काचेच्या मानेवर हातोडी घालू देऊ नका. तांब्याचे जेवढे पैसे होतील तेवढे मी देईन. न्यायला ट्रक घेऊन येईन, आणि उचलायला चार माणसं.